होलाशोव्हित्से : एका चेक खेड्याची रचना आणि वारसा

चेक प्रजासत्ताकातील होलाशोव्हित्से हे छोटे खेडे १९९८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. राजवाडे, किल्ले वा भव्य मंदिरे यांच्याऐवजी सामान्य शेतकऱ्यांच्या घरांना हा मान मिळावा, हीच बाब अभ्यासकांचे लक्ष वेधून घेते. या खेड्याची रचना टिकली. रहिवासी मात्र वेळोवेळी बदलले. या विसंगतीचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

भौगोलिक स्थान

दक्षिण बोहेमियात, चेस्के बुद्येयोव्हित्से या शहराच्या पश्चिमेस सुमारे १५ किलोमीटरवर हे गाव वसले आहे. प्रशासकीयदृष्ट्या ते यान्कोव्ह ग्रामपालिकेचा भाग आहे. गावाच्या मध्यभागी लांबट आयताकृती मोकळे मैदान असून त्यात मत्स्यतलाव आहे. शेतकऱ्यांचे वाडे या मैदानाभोवती ओळीने उभे आहेत. ही मांडणी मध्ययुगीन असून आजही बव्हंशी कायम आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१२९२ मधील लेखी नोंदीत गावाचा उल्लेख आढळतो. राजा दुसरा वेन्सेस्लॉस याने हे गाव व्हिशी ब्रोद येथील सिस्टर्शियन मठास दिले आणि १८४८ पर्यंत ते मठाच्याच ताब्यात राहिले. १५२० ते १५२५ या काळात प्लेगच्या साथीने गाव उद्ध्वस्त झाले. केवळ दोन रहिवासी वाचल्याचे सांगितले जाते. त्यानंतर मठाने बव्हेरिया व ऑस्ट्रिया येथील कुटुंबे येथे आणून वसविली. त्यामुळे गाव प्रामुख्याने जर्मनभाषक बनले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनभाषकांची हकालपट्टी झाली, अनेक वाडे ओस पडले आणि साम्यवादी राजवटीत त्यांची पडझड होत गेली. १९९० नंतर जीर्णोद्धारास वेग आला व वस्तीही पुन्हा वाढू लागली.

वास्तुवैशिष्ट्ये

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील या वाड्यांची शैली ‘दक्षिण बोहेमियन लोक-बरोक’ म्हणून ओळखली जाते. मैदानाकडे तोंड केलेल्या २३ वाड्यांच्या तिकोनी माथ्याच्या दर्शनी भिंती, त्यांवरील गिलाव्यातील वेलबुट्टी आणि कमानदार प्रवेशद्वारे ही तिची ठळक लक्षणे होत. नगरांतील व चर्चमधील बरोक अलंकरण ग्रामीण गवंड्यांनी आपल्या साधनांनुसार घरांवर उतरविले. मैदानातील सेंट जॉन ऑफ नेपोमुक यांचे चॅपेल १७५५ मधील आहे. दोन लोकवास्तू-परंपरांचा संगम आणि मध्य युरोपीय खेड्याचे परिपूर्ण उदाहरण, अशा दोन निकषांवर युनेस्कोने हे स्थळ स्वीकारले.

समारोप

वरील इतिहासावरून एक प्रश्न उद्भवतो. एखाद्या खेड्याचा वारसा त्याच्या वास्तूंत असतो, की तेथे राहणाऱ्यांच्या स्मृतीत? होलाशोव्हित्से जतन होण्यामागे ते बराच काळ दुर्लक्षित राहिले हेही एक कारण असावे. नव्या बांधकामाची लाट येथवर पोहोचली नाही. मात्र ज्यांच्या पूर्वजांनी या भिंती सजविल्या, त्यांना गाव सोडावे लागले. म्हणूनच वारसा-स्थळांचा अभ्यास करताना दर्शनी भिंतींइतकेच लक्ष विस्थापितांच्या इतिहासाकडे देणे आवश्यक ठरते. तसे न केल्यास गावाचे सौंदर्य जपले जाईल, परंतु त्याचा इतिहास अपुरा राहील.