घाऊक पुरवठादाराची निवड

घाऊक पुरवठादाराची निवड म्हणजे किरकोळ विक्रेत्याने आपल्या दुकानातील माल कोणाकडून घ्यावयाचा, याविषयी केलेला निर्णय होय. हा निर्णय केवळ भावावर अवलंबून नसतो. उधारीची मुदत, मालाची शुद्धता, देयकाची नियमितता आणि पुरवठ्याचे सातत्य यांचाही त्यात विचार केला जातो. वर्धा जिल्ह्यातील खेड्यांतील दुकानांना वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव अशा बाजारपेठांतून माल मिळतो. वर्ध्यापासून सुमारे ७५ किलोमीटरवर असलेले नागपूर हे विदर्भातील मोठे घाऊक केंद्र असून तेथील इतवारी बाजार किराणा मालासाठी प्रसिद्ध आहे.

भाव
घाऊक भावात गाडीभाडे, हमाली आणि वाटेतील तूट मिळवल्यावर दुकानापर्यंतचा खरा भाव निघतो. त्यामुळे मोठ्या शहरातील स्वस्त माल थोड्या प्रमाणात आणल्यास जवळच्या व्यापाऱ्याच्या मालापेक्षा महाग पडू शकतो. किमान किती माल घ्यावा लागतो आणि खराब किंवा मुदत संपलेला माल परत घेतला जातो किंवा नाही, हेही पाहिले जाते.

उधारी
कापूस व सोयाबीन ही जिल्ह्यातील प्रमुख पिके आहेत. शेतकऱ्याच्या हाती पैसा पीक विकल्यावर येतो. तोवर खेड्यातील दुकानदाराला गिऱ्हाइकांची उधारी सांभाळावी लागते. त्यामुळे त्याला स्वतःलाही मुदतीने माल देणारा व्यापारी आवश्यक ठरतो. मात्र उधारीच्या मालाचा भाव बहुधा रोखीपेक्षा चढा असतो. माल खपून पैसे हाती येण्यास लागणारा काळ आणि पुरवठादाराने दिलेली मुदत यांचा मेळ बसला, तरच अशी उधारी लाभदायक ठरते.

देयक व कर
१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. नोंदणीकृत दुकानदाराला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळण्यासाठी पुरवठादाराने योग्य देयक देणे, ते आपल्या विवरणपत्रात दाखवणे आणि कर भरणे आवश्यक असते. पुरवठादाराने यात हयगय केल्यास त्याची झळ खरेदीदाराला पोहोचते. आपसमेळ योजनेतील दुकानदाराला ही वजावट मिळत नाही. म्हणून त्याला करासह पडणाऱ्या एकूण किमतीची तुलना करावी लागते.

शुद्धता व जबाबदारी
अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार पुरवठादाराचे देयक हे मालाच्या दर्जाची लेखी हमी मानले जाते. ज्याचा उत्पादक वा वितरक ओळखता येत नाही, असा अन्नपदार्थ विकल्यास विक्रेता जबाबदार ठरतो. सुटी हळद, तिखट, तेल यांत भेसळीचा संभव अधिक असतो. देयकाविना घेतलेला असा माल दोषी आढळल्यास, तो कोठून आला हे सिद्ध करणे दुकानदाराला कठीण जाते. १ जानेवारी २०२२ पासून अन्नव्यवसायाच्या देयकावर १४ अंकी परवाना अथवा नोंदणी क्रमांक छापणे बंधनकारक आहे. त्यावरून पुरवठादाराची पडताळणी करता येते.

स्थानिक नावाचा माल
समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे नाव अन्य ठिकाणच्या हळदीला लावणे कायद्याने दंडनीय आहे. त्यामुळे ती विकणाऱ्या दुकानदाराने माल खरोखर त्या परिसरातील शेतकऱ्यांकडून आला आहे, याची खात्री करणे आवश्यक असते. खादीच्या बाबतीत २०१३ च्या नियमांनुसार ‘खादी मार्क’ हे चिन्ह अस्सलपणाची खूण आहे.

सातत्य
सणासुदीला मागणी वाढते आणि पावसाळ्यात वाहतुकीत अडथळे येतात. अशा वेळी ठरल्या दिवशी माल पोहोचवणारा पुरवठादार किंचित महाग असला, तरी पसंत केला जातो. कारण दुकानात वस्तू नसली की गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. सर्व खरेदी एकाच व्यापाऱ्याकडे ठेवल्यास उधारी सुलभ होते, पण थकबाकी वाढल्यावर भावाची घासाघीस करण्याची मोकळीक उरत नाही. म्हणून नित्य खपाच्या वस्तूंसाठी दुसरा पुरवठादारही राखून ठेवला जातो.