डोळ्यांदेखत घडूनही न दिसणारे

एखादी घटना डोळ्यांसमोर घडली, म्हणजे ती दिसलीच असणार, असे आपण गृहीत धरतो. 'दिसले नाही' म्हणणारा म्हणूनच खोटारडा ठरतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल सायमन्स यांच्या संशोधनाने या समजुतीला धक्का दिला आहे.

सायमन्स आणि क्रिस्तोफर शाब्री यांचा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग जगभर गाजला. चेंडू खेळणाऱ्या दोन संघांची चित्रफीत दाखवून प्रेक्षकांना एकाच संघाचे 'पास' मोजायला सांगण्यात आले. मध्येच गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली. जवळपास निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही!

दोष त्यांच्या दृष्टीत नव्हता. अवधानाची क्षमता मर्यादित असते. ते मोजणीत गुंतले, की नजरेच्या टप्प्यातील अनपेक्षित गोष्टही जाणिवेपर्यंत पोहोचत नाही.

स्मरणाचीही तीच गत. सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन यांच्या १९९८ मधील प्रयोगात एक अनोळखी माणूस पादचाऱ्याला रस्ता विचारत असे. तेवढ्यात दोघांच्या मधून एक दरवाजा वाहून नेला जाई आणि त्याआड विचारणारा माणूसच बदले. १५ पैकी ८ पादचाऱ्यांना हा बदल कळला नाही.

हे केवळ गमतीचे प्रयोग नव्हेत. बोस्टनमध्ये १९९५ साली संशयिताचा पाठलाग करणारे पोलिस अधिकारी केनेथ कॉन्ली यांनी, शेजारीच सुरू असलेली मारहाण आपल्याला दिसली नाही, असे सांगितले. त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. खोटी साक्ष दिल्याबद्दल १९९८ मध्ये त्यांना दोषी ठरविण्यात आले. पुढे वेगळ्या कायदेशीर कारणांवरून हा निकाल रद्द झाला.

शाब्री, सायमन्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या प्रसंगाची प्रतिकृती उभारली. धावणाऱ्या माणसामागे पळत, तो डोक्याला किती वेळा हात लावतो, हे मोजायचे होते. वाटेत मारामारीचे नाटक सुरू होते. रात्री ते केवळ ३५ टक्के, तर दिवसा ५६ टक्के जणांना दिसले.

कॉन्ली खरेच बोलत होते, हे यातून सिद्ध होत नाही. परंतु ते खरे बोलत असण्याची शक्यता मात्र नाकारता येत नाही. साक्षीदाराचे शब्द तोलताना एवढे भान न्यायालयाने आणि आपणही ठेवायला हवे.