लांबटलेली रोपं

पहाटे साडेपाच. मे महिन्यात बल्लारपुरातल्या रोपवाटिकेत काम उरकायचं ते याच वेळी. मावशी झारी घेऊन सागाच्या गादीवाफ्यांकडे जातात, मी शेडमधले बांबूचे ट्रे बघायला. कागद कारखान्याच्या या गावात बांबूची ओळख करून द्यावी लागत नाही. पण दाण्यातून नुकताच वर आलेला बांबू बघितलेले लोक थोडे. मानवेल असो की कटांग, सुरुवातीला तो निव्वळ गवताचा कोंब असतो.

साडेसहा. शेड फक्त पूर्वेला उघडी, आणि सगळे कोंब तिकडेच कललेले. मावशी विचारतात, "भाऊ, हे सारे एकाच बाजूले काहून वाकले?"

उजेड त्यांना ओढतो असं सांगून सुटता येतं, पण ते खरं नाही. कोंबाच्या शेंड्यातून ऑक्झिन नावाचं वाढद्रव्य खाली उतरत असतं. उजेड एकाच अंगाने आला की त्यातलं बरंचसं सावलीच्या अंगाला सरकतं. तिथल्या पेशी जास्त लांबतात आणि कोंब उजेडाकडे झुकतो. म्हणजे जास्त वाढते ती अंधारातली बाजू!

हे उलगडायला माणसांना पाऊणशे वर्षं लागली, आणि बहुतेक प्रयोग बांबूच्याच भाऊबंदांवर झाले: गवत, ओट, मका. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली लिहिलं, की शेंडा झाकला तर कोंब वाकत नाही. वाकणारा भाग मात्र शेंड्याच्या खाली असतो. पुढे नेदरलँड्समध्ये फ्रिट्स वेंट यांनी ओटचे शेंडे कापून अगारच्या तुकड्यावर ठेवले, मग तो तुकडा बिनशेंड्याच्या कोंबावर एका कडेला बसवला. कोंब अंधारातही वाकला. मला या सगळ्यांत हाच प्रयोग आवडतो. उजेड दाखवलाच नाही, फक्त त्याचं काम हाताने केलं. उजेड ऑक्झिन नुसतं नष्ट तर करत नसेल, ही शंका उरली होती. १९५७ मध्ये विन्स्लो ब्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी मक्याच्या शेंड्यात पातळ काच उभी घालून वाट अडवली, तर दोन्ही बाजूंना सारखंच ऑक्झिन मिळालं. म्हणजे ते नष्ट होत नव्हतं, सरकत होतं.

मावशींना एवढं सगळं सांगितलं नाही. ट्रे उलटे फिरवून ठेवले. "दुपारी बघा, इकडे वळायला लागतील."

नऊ. शेडनेट ओढायची. चंद्रपूर जिल्ह्यातलं ऊन पंचेचाळीसच्या पुढे जातं, कोवळं पान करपतं, म्हणून जाळी हवीच. पण गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवली, की रोपं दाटीत एकमेकांच्या सावलीत येतात. पानं लाल उजेड खातात, गडद लाल तेवढा खाली गळतो, आणि रोपाला शेजाऱ्याची चाहूल लागते. मग पानात तयार झालेलं ऑक्झिन देठाकडे जास्त जातं, साखरही उंची गाठण्यात खर्च होते. मुळाच्या वाट्याला कमी येतं. सागाला हे परवडत नाही. सागजडी लावताना वरचं खोड जवळजवळ सगळंच छाटून टाकतात. कामाला येतं ते अंगठ्याएवढं जाड सोटमूळ.

बारा ते चार आराम. बहुतेक पानंही या वेळी आपली रंध्रं आवळून बसतात.

साडेचार. गावाकडचा एक शेतकरी बांधावर लावायला साग बघायला आला. हात गेला तो थेट जाळीखालच्या उंच, फिकट रोपांवर. गिऱ्हाईक नेहमी तिथेच जातं. मी पिशवी फाडून मूळ दाखवलं, शेजारच्या उघड्यावरच्या बुटक्या रोपाचंही दाखवलं. "मग हे लंबे कायले ठेवले?" तो म्हणाला. प्रश्न वाजवी होता. आधीच विरळणी करायला हवी होती, मजूर मिळाले नव्हते. बुटकी घेतली त्याने, दर मात्र पाडून.

सहा. शेडमधले कोंब उलटीकडे वळले होते. उद्यापासून ते ट्रे चारी बाजूंनी उजेड असलेल्या ओट्यावर. मावशी म्हणतात, रोज फिरवत बसायला वेळ कोणाला आहे.