तिघे असतील तरच टिकणारे अणुकेंद्र

मोबाइलच्या बॅटरीतले लिथियम बहुतांशी लिथियम-7 असते. त्याच्या केंद्रात तीन प्रोटॉन आणि चार न्यूट्रॉन गुण्यागोविंदाने नांदत असतात. आता या केंद्रात एकेक न्यूट्रॉन वाढवत गेलो तर? लिथियम-8 आणि लिथियम-9 किरणोत्सर्गी असतात, पण तेवढ्यापुरती एकसंध राहतात. लिथियम-10 मात्र जुळतच नाही. सातवा न्यूट्रॉन आत शिरता शिरता निसटतो. मग त्याहून जड लिथियम-11 कसले तगणार? पण ते तगते! त्याचे अर्धायुष्य सुमारे पावणेनऊ मिलिसेकंद आहे. आपल्याला हा क्षणही वाटणार नाही, पण अणुकेंद्रांच्या हिशेबात हा काळ प्रदीर्घ म्हणायचा.

खरा धक्का बसला तो 1985 मध्ये. इसाओ तानिहाता आणि त्यांचे सहकारी अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेत लिथियमच्या समस्थानिकांचे आकार मोजत होते. नेहमीच्या नियमाने नऊ कणांच्या केंद्रात दोन कण वाढले, तर त्रिज्या जेमतेम सात टक्के वाढायला हवी. मोजणीत ती सुमारे एक-तृतीयांशाने वाढलेली दिसली. दोनच न्यूट्रॉनांनी एवढी जागा व्यापली कशी?

उत्तर 1987 मध्ये ग्रेगर्स हान्सेन आणि ब्योर्न यॉनसन यांनी सुचवले. साध्या अणुकेंद्रातून एक न्यूट्रॉन उपटायला सहा ते आठ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. लिथियम-11 मधले शेवटचे दोन्ही न्यूट्रॉन मिळून काढायला अर्धा दशलक्षही लागत नाही. इतक्या सैल बांधलेल्या कणाला क्वांटम नियम एका जागी बसू देत नाहीत. त्याचे तरंगफल, म्हणजे तो कुठे सापडू शकेल हे सांगणारे गणिती रूप, दूरवर पसरते, केंद्रीय बलाची पकड जिथे संपते त्याच्याही पलीकडे. म्हणजे हे दोन न्यूट्रॉन बराचसा काळ अशा ठिकाणी असतात, जिथे रूढ यांत्रिकीप्रमाणे ते असूच शकत नाहीत! मध्ये लिथियम-9 चा घट्ट गाभा आणि भोवती, चंद्राला पडावे तसे, न्यूट्रॉनांचे विरळ खळे. या खळ्यासकट पसारा मोजला, तर अकरा कणांचे हे केंद्र 208 कणांच्या शिशाच्या केंद्राशी बरोबरी करते.

आता यातली गंमत पाहा. गाभा आणि एकच न्यूट्रॉन घेतला, तर ते लिथियम-10, म्हणजे जुळत नाही. दोन सुटे न्यूट्रॉन घेतले, तर तेही एकमेकांना धरून राहत नाहीत. पण तिघे एकत्र आले की बंध जमतो. इटलीतल्या बोरोमेओ घराण्याच्या कुलचिन्हात तीन कड्या अशाच गुंफलेल्या आहेत: कोणतीही एक तोडा, उरलेल्या दोन आपोआप सुट्या होतात. त्यावरून भौतिकशास्त्रज्ञ अशा केंद्रांना ‘बोरोमियन’ म्हणतात.

सिद्धांतकारांची खरी कसोटी इथेच लागते. एकेका कणाचा स्वतंत्र हिशेब मांडून इथे भागत नाही, तिघांची गती एकदमच सोडवावी लागते. शिवाय केंद्रातले कण कवचांमध्ये रचलेले असतात आणि आठ न्यूट्रॉन म्हणजे कवच पूर्ण भरलेले, म्हणून भक्कमपणाचा ‘जादुई’ आकडा. लिथियम-11 मध्ये नेमके आठ न्यूट्रॉन असूनही ते कवच फुटलेले दिसते. ऑक्सिजनने तर याहून मोठा चकवा दिला. त्याचे 28 कणांचे केंद्र आठ प्रोटॉन आणि वीस न्यूट्रॉन अशा दोन जादुई आकड्यांचे, म्हणून भक्कम असेल अशी अटकळ होती. पण ऑक्सिजनची एकसंध केंद्रे 24 वरच संपतात. 2010 मध्ये ताकाहारू ओत्सुका आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तीन कणांमध्ये एकत्रितपणे काम करणारे बल धरले, तर ही सीमा गणितातून नीट निघते. 2023 मध्ये जपानच्या रिकेन संस्थेत ऑक्सिजन-28 अखेर दिसले, तेही चार न्यूट्रॉन फेकून लगेच फुटताना.

न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत सोने घडते, ते अशाच काठावरच्या केंद्रांच्या वाटेने. त्यांतली कित्येक अजून कोणत्याही प्रयोगशाळेत तयार झालेली नाहीत, त्यामुळे त्यांच्याबाबत आज सिद्धांतावरच भिस्त आहे. एखाद्या मूलद्रव्याच्या केंद्रात जास्तीत जास्त किती न्यूट्रॉन जुळू शकतात, ही सीमा प्रयोगाने पक्की झाली आहे ती फक्त निऑनपर्यंत, म्हणजे पहिल्या दहा मूलद्रव्यांपुरती.