नाकातली वहिवाट

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना सारोळ्याच्या पुलावरून नीरा ओलांडली की पुणे जिल्हा मागे पडतो आणि शिरवळ लागते. सुभानमंगळाच्या गढीमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना आणि पुढच्या खंबाटकी घाटामुळे एस.टी.च्या प्रवाशांना ठाऊक असलेल्या ह्या गावात क्रांतिसिंह नाना पाटील ह्यांच्या नावाचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आणि ज्यांच्या नाकात मांसाचे कोंब पुन्हा पुन्हा उगवतात, शस्त्रक्रिया होऊनही ज्यांचे नाक फार काळ मोकळे राहत नाही, अशा माणसांच्या व्याधीचा विचार करावयाचा तर त्याचा आरंभ दवाखान्यापेक्षा गोठ्यात केलेला बरा, असे मला वाटते.

पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना जे रोग शिकावे लागतात, त्यांत गुरांच्या घोरण्याचा एक रोग आहे. गाय किंवा बैल निजलेला नसतानाही, उभ्याउभ्या रवंथ करीत असताना, दूरवर घरघर ऐकू यावी इतक्या कष्टाने श्वास घेऊ लागतो. नाकपुडीतून चिकट, कधी रक्तमिश्रित शेंबूड वाहतो. आणि आत उजेड टाकला तर खरबरीत, गाठीगाठींची वाढ दृष्टीस पडते. त्या शेंबडाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की बूमरँगसारखी वाकडी अंडी दिसतात आणि रोगाचा उलगडा होतो. शिस्टोसोमा नेझाली नावाचा कृमी नाकातील नीलांमध्ये बिऱ्हाड करून राहिलेला असतो. एम. ए. एन. राव ह्यांनी १९३३ साली त्याचे वर्णन केले. शेंबडातून अंडी डबक्यात पडतात, त्यांतून निघालेले डिंभ पाण्यातल्या एका चपट्या शंखाच्या गोगलगायीत शिरून वाढतात, आणि तेथून बाहेर पडून, पाण्यात उतरलेल्या गुरांच्या कातडीतून आत घुसतात.

ह्या प्रकरणातली मला सर्वांत बोधप्रद वाटणारी गोष्ट मात्र कृमीची नव्हे, म्हशीची आहे. तोच कृमी, तेच डबके. परंतु गाय घोरून हैराण होते आणि म्हशीच्या नाकात कृमी असूनही ती बहुधा काहीच तक्रार करीत नाही. याचा अर्थ असा की, नाकात जे मांस वाढते ते कृमीचे नसून नाकाचे स्वतःचे असते. आगंतुकाला उत्तर म्हणून श्लेष्मल त्वचेने मांडलेला तो आकांत असतो, आणि तो किती मांडावयाचा हे आगंतुकापेक्षा यजमानाच्या प्रकृतीवर अधिक अवलंबून राहते. गाईच्या बाबतीत निदान आगंतुक सापडतो व औषधाने मारता येतो. मनुष्याच्या नाकातील नेहमीच्या कोंबांचा मामला ह्याहून बिकट आहे, कारण तेथे बहुतेक वेळा असा एकटा आरोपी हाती लागतच नाही.

(अपवाद आहे. ऱ्हायनोस्पोरिडियम नावाचा एक सूक्ष्म जीव माणसाच्या नाकात लालसर, पांढऱ्या ठिपक्यांची, धक्का लागताच रक्ताळणारी वाढ उत्पन्न करतो. १९०० साली ब्यूनस आयर्समध्ये गिलेर्मो सीबर ह्यांनी त्याची नोंद केली, पण त्याचे खरे माहेर भारत आणि श्रीलंका. तळ्यात डुंबणारे आणि नदीपात्रातील वाळू उपसणारे लोक ह्याला अधिक बळी पडतात. दीर्घकाळ बुरशी समजला गेलेला हा जीव माशांवरच्या परजीवींचा भाऊबंद आहे, हे त्याच्या जनुकांवरून अलीकडे ठरले.)

आता नेहमीच्या कोंबांकडे वळू. गालांच्या हाडांत, कपाळात, दोन्ही डोळ्यांच्या मधल्या विरळ हाडात आणि कवटीच्या तळाशी पोकळ्यांच्या चार जोड्या आहेत. त्यांनाच आपण सायनस म्हणतो, आणि त्या बिघडल्या म्हणजे ‘मला सायनस झाला आहे’ असे सांगतो, जणू निरोगी माणसाला तो नसतोच. ह्या पोकळ्यांच्या अस्तरावर सूक्ष्म रोमकांची दाट पेरणी असते. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने हेलकावतात आणि धूळ व जंतू चिकटलेला श्लेष्मा हळूहळू घशाकडे सारतात. गालातील पोकळीचे दार तर तळाशी नसून वरच्या अंगाला आहे, त्यामुळे तेथला श्लेष्मा उताराने वाहून जात नाही, रोमकांनी तो चढावर वाहून न्यावा लागतो. आणि ही वाहतूक नेमकी त्या दारापाशीच घेऊन जाते, पोकळीला खालच्या बाजूस दुसरे भोक पाडले तरीही. ग्राझ येथील वॉल्टर मेसरक्लिंगर ह्यांनी ह्या वाटा चिकाटीने तपासल्या आणि त्या बहुतेक सगळ्या नाकाच्या मधल्या कप्प्यातील एका अरुंद बोळात येऊन मिळतात, हे दाखवून दिले. त्या बोळात अस्तर सुजले की मागच्या पोकळ्यांचा सगळा कारभार तुंबतो.

अशी सूज बारा आठवडे टिकली की तिला जुनाट म्हणावे, असा वैद्यकाचा संकेत आहे. तिच्यात काहींच्या बाबतीत अस्तराचा काही भाग पाण्याने फुगतो, गुरुत्वाने खाली ओघळतो, देठ धरतो आणि नाकाच्या पोकळीत लोंबू लागतो. दुर्बिणीतून पाहिला तर हा कोंब तासगावच्या सोललेल्या द्राक्षासारखा, फिकट करडा, ओलसर आणि अर्धपारदर्शक दिसतो. सळईने डिवचला तर हलतो, पण दुखत नाही. आरशापुढे टॉर्च धरून स्वतःच्या नाकात डोकावणारे अनेक जण जे गुलाबी मांस पाहून घाबरतात, ते बहुधा नाकातील जन्मजात शंखाकृती हाडावरचे निरोगी आवरण असते. त्याला स्पर्श केला तर डोळ्यांत पाणी येते. आणि ‘नाकाचं हाड वाढलंय’ ही जी सर्वतोमुखी फिर्याद, तीत बहुधा वाढलेले काहीच नसते, मधला पडदा वाकडा असतो एवढेच. ह्या तीन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे भलत्याच रोगावर भलताच इलाज चाललेला दिसतो.

कोंब कापला तर रोग गेला, ही समजूत फार जुनी आहे आणि ती स्वाभाविकही आहे. सुश्रुताने उत्तरतंत्रात एकतीस नासारोग गणले आणि त्यांत नासार्शाला जागा दिली. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेत दोऱ्यांना स्पंज बांधून तो नाकातून घशात ओढून घेत आणि त्यासरशी कोंब उपटून काढीत. त्या रोग्याचे काय होत असेल ह्याची कल्पनाही नकोशी वाटते. आपल्या काळात हॅरल्ड हॉपकिन्स ह्यांच्या काचदांड्यांच्या दुर्बिणीने आणि मेसरक्लिंगर ह्यांच्या सिद्धांताने मिळून ही शस्त्रक्रिया अतिशय सुधारली: आता नुसता कोंब खुडला जात नाही, तुंबलेला बोळ मोकळा करून पोकळ्यांची दारे रुंद केली जातात. तरीही बेल्जियममधील गेंट येथील वैद्यांनी अशा रुग्णांचा बारा वर्षांनी पुन्हा तपास केला, तेव्हा हाती लागलेल्या ३८ जणांपैकी ३० जणांच्या नाकात कोंब परत आलेले होते, आणि १४ जणांना मध्यंतरी पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली होती. हा दोष शल्यविशारदाच्या हाताचा नव्हे. कोंब काढता येतो, परंतु ज्या अस्तराला कोंब धरण्याची वहिवाट पडली आहे ते अस्तर काढता येत नाही.

ही वहिवाट पडते कशी, ह्याचे उत्तर अंशतः मिळालेले आहे. पुष्कळशा कोंबांत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची गर्दी असते. इंटरल्यूकिन ४, ५ आणि १३ ही प्रथिने त्यांना हाकारून आणतात व जागेवर ठेवतात. वस्तुतः कृमींशी झुंजण्यासाठी निर्माण झालेली ही शिबंदी, कृमी नसतानाही, तळ देऊन बसलेली असते. गाईच्या नाकातला प्रसंग म्हणूनच मला आठवतो. माणसाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस जंतूंची विषे ह्या शिबंदीला चिथावतात असे दिसते. आपल्या देशात ॲस्परजिलस जातीच्या बुरशीची ॲलर्जी हेही एक वरचेवर आढळणारे कारण आहे. तीच शिबंदी खाली श्वासनलिकांत असली तर दमा होतो, आणि म्हणून कोंबांचे व दम्याचे रोगी एकच असणे ही सामान्य गोष्ट आहे. त्यांतल्या काहींना ॲस्पिरिनची साधी गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांत नाक वाहून दम्याचा भयंकर झटका येतो. पॅरिसचे विदाल ह्यांनी १९२२ साली आणि पुढे १९६८ साली अमेरिकेत सॅम्टर ह्यांनी हे त्रिकूट वर्णिले. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्याही त्याच पंक्तीतल्या. डोके दुखते म्हणून किराणा दुकानातून सुटी गोळी घेणाऱ्या आपल्या समाजात, नाकात कोंब आणि छातीत दमा असलेल्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवलेले बरे.

ह्या रोगाने माणूस मरत नाही, त्यामुळे त्याची दखल घरचेसुद्धा फारशी घेत नाहीत. परंतु ज्याचा वास गेला त्याची हानी बारीकसारीक नसते. गुऱ्हाळावर रस उकळताना येणारा दरवळ, फोडणीतल्या हिंगाचा झटका, पहिल्या पावसाने उठलेला मातीचा गंध हे तर गेलेच. पण नासलेले दूध ओळखता येत नाही, शेगडीचा गॅस गळत असला तरी कळत नाही, आणि जेवण खारट, आंबट, गोड, तिखट एवढ्याच चार-दोन संज्ञांवर येऊन ठेपते. तोंडाने श्वास घेतल्याने रात्री घसा कोरडा पडतो, झोप मोडते, दिवसभर डोके जड. अशा माणसाला ‘नेहमीचंच पडसं, वाफ घे’ असा सल्ला देणाऱ्यांची मात्र कधी वाण पडत नाही.

रोज करावयाचे काय, ह्याबाबत मात्र बऱ्यापैकी एकमत आहे. पहिले, मिठाच्या पाण्याने नाक धुणे. हठयोगातील नेती मूळची सुताची; पाण्याची नेतीही आपल्याकडे जुनीच, आणि लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी अशा योगक्रियांना प्रयोगशाळेच्या कसोटीवर धरण्याची प्रथा पाडली. लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ हे शरीराच्या क्षारतेशी जुळणारे प्रमाण. नुसते पाणी झोंबते. पाणी मात्र उकळून निववलेलेच हवे. २०११ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती करणारे दोघे जण मेंदू खाणाऱ्या अमीबाच्या संसर्गाने दगावले. विहिरीच्या आणि कालव्याच्या पाण्याविषयी मग वेगळे सांगावयास नको.

दुसरे, स्टेरॉइडचा फवारा. ह्याच्याविषयी लोकांच्या मनात जी धास्ती आहे ती गोळ्यांच्या बाबतीत रास्त आहे: गोळ्यांनी आठवड्याभरात कोंब आकसतात, वास परत येतो, रोगी हरखतो, पुन्हा पुन्हा तेच मागू लागतो, आणि साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे हे भोग मागाहून येतात. फवाऱ्यातील औषध रक्तात अत्यल्प जाते. परंतु तो उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने व डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, मधल्या पडद्यापासून दूर, कानाच्या दिशेने मारावा लागतो. जोरात हुंगला तर औषध घशात जाते. आणि गुण दिसावयास कित्येक आठवडे लागतात, तेवढा धीर न धरता बाटली फडताळात टाकून देणारे फार. ह्याउलट नाक क्षणात मोकळे करणारे थेंब आठवड्याहून अधिक काळ घातले तर नाक त्यांचेच बंदे होते व थेंब चुकला की अधिकच चोंदते. मेडिकलच्या गल्ल्यावर हे थेंब मागताक्षणी मिळतात, हीच त्यांतली अडचण.

एक ताकीद येथेच दिली पाहिजे. हे कोंब साधारणतः दोन्ही नाकपुड्यांत असतात. एकाच बाजूला वाढ असेल, तीतून रक्त येत असेल, किंवा लहान मुलाच्या नाकात कोंब दिसला, तर फवाऱ्यावर वेळ न दवडता तपासणी करावी, कारण तेथे अर्बुद किंवा दुसरा एखादा रोग असण्याचा संभव असतो.

अलीकडे शिबंदीला हाकारणाऱ्या प्रथिनांचीच वाट अडविणारी प्रतिपिंडे उपलब्ध झाली आहेत. त्यांतल्या डुपिलुमॅबला अमेरिकेत २०१९ च्या जूनमध्ये ह्या रोगासाठी मान्यता मिळाली; पंधरवड्याला एक सुई टोचून घेतली की कोंब आकसतात आणि गेलेला वास अनेकांना परत मिळतो. पण सुई थांबवली की बऱ्याच जणांत कोंब पुन्हा डोके वर काढतात, म्हणजे वहिवाट तिनेही मोडत नाही, तहकूब होते. आणि किंमत अशी की शिरवळच्या शेतकऱ्याला काय किंवा तेथील कारखान्यातल्या कामगाराला काय, ती जन्मभर परवडण्यासारखी नाही. तूर्त त्याच्या वाट्याला शस्त्रक्रियेनंतरही सकाळ-संध्याकाळ कोमट मिठाचे पाणी आणि फवाऱ्याची बाटली हेच येते, आणि गेंटच्या त्या आकड्यांकडे पाहता, ऑपरेशन झाले म्हणून ती बाटली ठेवून देण्याची मुभा त्याला कोणी देऊ नये.