अ‍ॅलॉय व्हीलची चमक
जयपूरमध्ये रत्नांना पैलू पाडणारे कारागीर भरड चाकावरून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने बारीक पावडरीवर येतात. गाडीचं अ‍ॅल्युमिनियमचं चाक घरी चमकवतानाही क्रम तोच.

आधी जुना रंग आणि वरचा पारदर्शक लॅकर उतरवायचा. पेंट रिमूव्हर मोकळ्या हवेत, पण सावलीत लावावा. जयपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात तो काम करण्याआधीच सुकतो. मिथिलीन क्लोराइड असलेला रिमूव्हर नकोच. त्याच्या वाफांनी बंद जागेत माणसं दगावली आहेत. अमेरिकेने २०१९ साली घरगुती ग्राहकांना त्याची विक्री बंद केली. कॉस्टिक सोडाही दूर ठेवावा: तो अ‍ॅल्युमिनियमच खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन सोडतो.

मग पाणी लावून ३२० नंबरचा वॉटर पेपर, पुढे ६००, १०००, २०००. दर नंबराला घासण्याची दिशा काटकोनात बदलली, की आधीचा कोणता ओरखडा राहिला ते लगेच दिसतं. घाई नडते ती इथेच. शेवटी मेटल पॉलिश आणि मऊ कापड. कापड काळं पडतं, कारण धातूचे कण निघत असतात.

उघडं अ‍ॅल्युमिनियम हळूहळू निस्तेज होतं, म्हणून अधूनमधून वॅक्स हवं. तडा गेलेलं चाक मात्र घासत बसू नये, ते बदलावं.