थायरॉइडच्या गोळीचं माप

थायरॉइडच्या १०० मायक्रोग्रॅमच्या गोळीत लिव्होथायरॉक्सिन असतं ग्रॅमचा जेमतेम दहा हजारावा भाग. उरलेला सगळा भराव. मग गोळीत औषध नेमकं तेवढंच आहे, हे प्रयोगशाळा कसं ठरवते?

गोळीचं द्रावण एचपीएलसी यंत्रातून सोडतात. त्यातले घटक वेगळे होतात आणि आलेखावर एकेकाचा उंचवटा उमटतो. पण अमुक उंचवटा म्हणजे किती मायक्रोग्रॅम, हे यंत्राला आपलं आपण कळत नाही. म्हणून शुद्धता आधीच काटेकोर तपासलेला लिव्होथायरॉक्सिनचा नमुना, म्हणजेच संदर्भ मानक, त्याच यंत्रातून सोडून दोन्ही उंचवटे ताडून पाहतात. भारतात अशी मानकं गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन पुरवतं.

खरी मेख आहे पाण्यात. लिव्होथायरॉक्सिन सोडियम ओलावा धरून ठेवतं. मानकाचं वजन करताना त्यातलं पाणी वजा केलं नाही, तर तपासलेल्या प्रत्येक गोळीत औषध असल्यापेक्षा जास्त दिसणार! रुग्णाला मात्र कमी मिळणार.

शिवाय लिओथायरोनिनचं मानक वेगळं लागतं. लिव्होथायरॉक्सिनच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. त्यातला एक गळाला की हे तिप्पट-चौपट प्रभावी द्रव्य उरतं. गोळीत त्याचा अंशही मोजायलाच हवा.

२००७ साली अमेरिकेच्या एफडीएने या गोळ्यांसाठी ९० ते ११० टक्क्यांची मुभा ९५ ते १०५ टक्क्यांवर आणली, तीही मुदत संपेपर्यंत. मला हा निर्णय अगदी योग्य वाटतो. मात्र इतक्या अरुंद पट्ट्यात मानकच दोन टक्क्यांनी चुकलं, तर नापास गोळीही पास होऊ शकते.